ढिल्या दोरीवरचा बास: रबरी गांडुळाने गरवण्याची हलकी पद्धत

न्यू जर्सीतल्या कुठल्याही सार्वजनिक तळ्यावर उन्हाळ्यात शनिवारी सकाळी जा, काठावर पाय ठेवायला जागा असेल तिथे कोणीतरी रॉड घेऊन उभं असतं. त्या पाण्यातल्या बास या शिकारी माशाने हंगामभर चमकणारी पाती, खुळखुळणारे प्लास्टिकचे मासे, पाण्यावर फडफडणारी बेडकं असं सगळं पाहिलेलं असतं, आणि त्यातलं काही तोंडात घेऊन सुटकाही झालेली असते. असा मासा मोठं आमिष जोरात येताना दिसलं की बाजूला होतो. तोच मासा, पाच इंचांचं रबरी गांडूळ काही घाई न करता त्याच्यासमोरून खाली गेलं, तर बऱ्याचदा तोंड उघडतो. बारीक दोरी, हलकं वजन, लहान आमिष आणि हाताची कमीत कमी हालचाल, याला इथले लोक फिनेस फिशिंग म्हणतात. काठावरून गरवणाऱ्या, बोट नसलेल्या, नोकरी सांभाळून संध्याकाळचे दोन तास काढणाऱ्या माणसाला मासा मिळवून देणारी याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

मी मूळची देवगडची. खाडीच्या कडेला बाबांबरोबर गरवायला शिकले. तिथे तांबोशी लागली की तंगूस (गरवायची नायलॉनची दोरी) हातातून ओढला जातो, विचार करायला वेळच नसतो. हलक्या गांडुळावर बास असा लागत नाही. पुष्कळदा हाताला काहीच कळत नाही. म्हणून कोकणात गरवलेल्या माणसाला इथे एकच सवय नव्याने लावून घ्यावी लागते, आणि या लेखात मी पुन्हापुन्हा तिथेच येणार आहे: दोरी ढिली सोडायची, आणि हाताऐवजी डोळ्यांनी मासा ओळखायचा.

ढिली दोरी का, ते आधी समजून घ्या. बास भक्ष्याचा चावा घेत नाही, ते ओढून घेतो. तोंड आणि कल्ल्यांची झाकणं एकदम फाकवतो, त्यामुळे पाणी आत धावतं आणि पाण्याबरोबर आमिषही. हलकं गांडूळ मोकळं असेल तर ते सहज आत जातं. दोरी ताणलेली असेल तर गांडूळ जागेवरच अडतं आणि माशाच्या तोंडात नुसतं पाणी. दुसरं कारण खाली पडण्याचं. दोरी ताठ धरलीत तर गांडूळ सरळ खाली न जाता झोका घेत तुमच्याकडे सरकतं. तुम्ही बुडालेल्या ओंडक्याच्या अगदी कडेला टाकलेलं असतं, पण तळाला पोचेपर्यंत ते ओंडक्यापासून चार-पाच फूट अलीकडे आलेलं असतं. मासा ओंडक्याखाली, गांडूळ उघड्या वाळूवर.

सामान

सात फुटांचा स्पिनिंग रॉड, मीडियम-लाइट किंवा मीडियम ताकदीचा, टोक चटकन वाकणारा. रील २५०० आकाराचं. याहून मोठं घेऊ नका, मनगट दुखतं. रीलवर १० पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि ती गडद हिरवी न घेता मुद्दाम भडक पिवळी घ्या. सगळा खेळ दोरी बघण्याचा आहे, तर ती दिसली पाहिजे. माशाला ती दिसू नये म्हणून पुढे सात-आठ फूट फ्लूरोकार्बनचा लीडर, म्हणजे पाण्यात सहज न दिसणारा टोकाचा तुकडा जोडायचा, ६ किंवा ८ पौंडांचा. जोडायला डबल युनी गाठ पुरते. फ्लूरोकार्बनची कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि तिथेच कच्ची राहते, मग चांगला मासा लागल्यावर नेमकी गाठीत तुटते.

एक बारीक सवय: टाकून झालं की रीलवरची दोरी अडवणारी तार हाताने खाली पाडा आणि दोरी एकदा बोटाने ओढून घ्या. हँडल फिरवून तार बंद केली की दर वेळी थोडी सैल दोरी स्पूलवर बसते, आणि हलक्या आमिषाला ती पुन्हा घट्ट करायची ताकद नसते. तासाभरात गुंता होतो.

रंगांवर दुकानात जेवढा वेळ घालवाल तेवढा पाण्यावर घालवा, असं मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. स्वच्छ पाण्यात ग्रीन पम्पकिन किंवा वॉटरमेलन या हिरवट छटा, गढूळ पाण्यात काळा-निळा. न्यू जर्सीत माझं यापलीकडे काही अडलेलं नाही.

वॅकी रिग

रिग म्हणजे गळ, आमिष आणि वजन यांची मांडणी. शिकायची सुरुवात इथूनच करा. पाच इंचांचं जाडसर, सरळ, दोन्ही टोकांकडे निमुळतं होणारं गांडूळ लागतं. गॅरी यामामोटो यांच्या कंपनीचं सेंको हे या जातीचं मूळ, आता सगळेच बनवतात. त्याच्या रबरात मीठ भरपूर असतं, त्या मिठाच्या वजनानेच ते बुडतं, शिसं लावावं लागत नाही. गांडुळाच्या मध्यावर छोटी रबरी कडी चढवायची आणि १ किंवा १/० नंबरचा गळ कडीखालून घालायचा. कडी न लावता थेट गांडुळातून गळ काढला तर दोन माशांत गांडूळ फाटतं, आणि ही गांडुळं स्वस्त नाहीत.

पाण्यात पडल्यावर ते आडवं राहून खाली जातं आणि जाताना दोन्ही टोकं सूक्ष्म थरथरतात. ही थरथर पाण्यातून माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला जाणवते. तुम्ही हात लावायची गरज नाही. उलट हात लावलात की थरथर बिघडते.

आता टाकण्याचा क्रम सावकाश सांगते. गांडूळ ओंडका, धक्क्याचा खांब किंवा गवताची कड यांच्या पलीकडे एक-दोन फूट टाकून हलकेच जागेवर आणा, डोक्यावर धपकन टाकू नका. पाण्याला टेकलं की रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा आणि थोडी जास्तीची दोरी सोडा. दोरीचा एक वाक पाण्यावर तरंगत राहील. आता तो वाक बघा. गांडूळ बुडेल तसा तो हळूहळू, एकाच गतीने आत ओढला जातो. मनात आकडे मोजा. समजा पहिल्या दोन-तीन फेकीत तुम्हाला कळलं की या जागी तळ गाठायला दहा आकडे लागतात. पुढच्या फेकीत सहाला दोरी थांबली, तर तो तळ नाही. मासा गांडूळ तोंडात धरून जागच्या जागी उभा आहे. दोरी अचानक वेगाने आत जायला लागली, तोही मासा. वाक डावीकडे सरकला, मासा. कधीकधी दोरी जिथे पाण्यात शिरते तिथे टिचकी मारल्यासारखा एक छोटा उडा दिसतो आणि मग सगळं शांत. नवीन माणूस या शांततेत वाट बघतो. वाट बघू नका. तो उडा म्हणजे गांडूळ तोंडात गेल्याची खूण आहे.

तळाला पोचलं आणि काही झालं नाही, तर पाच-दहा आकडे तसंच पडू द्या. मग रॉड फूट-दीड फूट वर उचला, पुन्हा टोक खाली, पुन्हा ढिली दोरी, पुन्हा बुडणं. असं दोन-तीनदा. त्यानंतर गुंडाळून नवीन जागी टाका, कारण पाण्यातून आडवं ओढत आणलेलं वॅकी गांडूळ सहसा कोणी घेत नाही. हे लेक हपॅटकाँगला फार चालतं. राज्यातलं सगळ्यात मोठं तळं, काठाने घरांचे लाकडी धक्के ओळीने, आणि दुपारच्या उन्हात प्रत्येक धक्क्याच्या सावलीत बास असण्याची शक्यता. गांडूळ धक्क्याखाली जितकं आत जाईल तितकं चांगलं. लोकांच्या धक्क्यांना, बोटींना गळ अडकणार नाही याची मात्र काळजी घ्या. कोणाच्या मालकीच्या जागेवर पाय ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

नेड रिग

कॅन्ससचे मासेमारी-लेखक नेड केडी यांच्या नावाने ही ओळखली जाते. अडीच-पावणेतीन इंचांचा गांडुळाचा तुकडा, पुढे अळंबीसारखं चपटं शिशाचं डोकं, वजन १/१६ किंवा १/१० औंस, म्हणजे पावणेदोन ते पावणेतीन ग्रॅम. बघणाऱ्याला वाटतं यावर कोण मासा येणार. पण पाणी थंड असताना, किंवा वादळी हवा जाऊन लख्ख निळं आकाश पडलेल्या दिवशी, जेव्हा मासे आडोशाला चिकटून बसतात आणि बाकी सगळं बंद पडतं, तेव्हा मी पिशवीतून पहिलं हेच काढते.

यासाठी झी-मॅन कंपनीचं तरंगणारं रबर घ्या. डोकं तळाला टेकतं आणि शेपटी आपोआप वर उभी राहते, त्यामुळे तुम्ही काहीही न करता पडून असलेलं आमिषही दिसत राहतं. डोकं तळावरून हळूच सरकवायचं, थांबायचं, परत सरकवायचं. खडकाळ किंवा वाळूच्या तळावर हे उत्तम. डेलावेअर नदीतल्या स्मॉलमाउथ या जातीच्या बाससाठी उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी उतरलेलं असताना, याच्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही. गवतात मात्र नको. गळ उघडा असतो, दर फेकीला शेवाळ्याची जुडी येईल.

हे रबर डब्यात इतर प्लास्टिकच्या गांडुळांबरोबर ठेवू नका. दोन्ही एकमेकांना लागून विरघळतात आणि डब्याचा चिकट गोळा होतो. मूळ पाकिटातच राहू द्या.

ड्रॉप शॉट

वजन तळाला आणि गळ त्याच्या वर, ही रचना. अमेरिकेत ती जपानमधून आली. तिथल्या तळ्यांवर गरवणाऱ्यांची गर्दी जास्त, म्हणून तिथले लोक बारीक पद्धतींकडे आधी वळले. इथे न्यू जर्सीत ती राऊंड व्हॅलीसाठी वापरा. हंटरडन काउंटीतला हा जलाशय खोल आणि पाणी इतकं स्वच्छ की बास काठाजवळ जाड दोरीला भीक घालत नाही.

पालोमार गाठीने गळ बांधायचा, आणि गाठीचं उरलेलं टोक दीड-दोन फूट लांब ठेवायचं. ते टोक गळाच्या डोळ्यातून (दोरीच्या छिद्रातून) परत खाली ओवायचं, गळाच्या अणीच्या बाजूने आत. असं केलं की गळ दोरीला काटकोनात, अणी वर करून उभा राहतो. दुसऱ्या बाजूने ओवलं तर तो दोरीला चिकटून लोंबतो आणि मासा सुटतो. टोकाला १/४ औंसाचं वजन अडकवा, गळापासून फूटभर खाली. खाली गवत असेल तर अंतर वाढवा, म्हणजे गांडूळ गवताच्या वर राहील. गांडूळ चार इंचांचं, बारीक सरळ शेपटीचं. गळ फक्त त्याच्या नाकातून आडवा टोचा.

इथे बरेच जण रॉड हलवून वजनच तळावर आपटत राहतात. वजन हलता कामा नये. वजन तळाला टेकलं की दोरी ताणून ते जाणवू द्या, मग टोक दोन-तीन इंच खाली आणा म्हणजे दोरी जराशी सैल होईल. आता फक्त ती सैल दोरी थरथरवायची. गांडूळ जागेवरच कंप पावतं, वजन स्थिर. आठ-दहा सेकंद थरथर, मग तेवढाच वेळ काही नाही. मासा बहुतेक वेळा या काही-नाहीमध्ये येतो, आणि पुन्हा थरथरवायला जाल तेव्हा दोरीला ओल्या फडक्यासारखा जडपणा जाणवतो. ठोका नाही, नुसता जडपणा.

फार खोल पाण्यात हे करू नका. तीस फुटांखालून झटकन वर आणलेल्या बासची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर त्याला खाली जाता येत नाही. सोडून द्यायचाच असेल तर पंचवीस फुटांच्या आत गरवावं, असं माझं मत.

कमळाच्या पानांत

फॅरिंग्टन लेक म्हणजे लॉरेन्स ब्रुक ओढ्यावर बांध घालून झालेलं उथळ, लांबट तळं. उन्हाळ्यात कडेने कमळाची पानं दाट पसरतात. इथे वरचं काहीच चालत नाही, कारण उघडा गळ पहिल्याच देठाला अडकतो. ३/० नंबरचा वाकडा ऑफसेट गळ घ्या. अणी गांडुळाच्या डोक्यातून पाव इंच आत घालून बाजूने बाहेर काढा, गळ फिरवून अणी पोटातून पाठीला आणा आणि शेवटी रबराच्या पातळ थराखाली लपवा. वजन काही नको. गांडूळ सरळ बसलंय का ते नीट बघा. जरा जरी पीळ राहिला तर ओढताना ते गरागरा फिरतं आणि दोरीला वळ पडतात. पानावर टाका, कडेपर्यंत सरकवा, कडेवरून पाण्यात घरंगळू द्या आणि थांबा.

शेकी हेड ही या हलक्या पद्धतींतलीच आणखी एक रिग, १/८ औंसाचं गोल डोकं आणि सहा इंचांचं गांडूळ. नेड आणि ड्रॉप शॉट जमलं की ते आपोआप जमतं.

मासा लागल्यावर

खाडीतला जोराचा हिसका इथे विसरा. ड्रॉप शॉट, नेड, वॅकी यांचे गळ बारीक तारेचे आणि अणीला तीक्ष्ण असतात. ढिली दोरी भराभर गुंडाळा, रॉडला वजन जाणवलं की गुंडाळत राहूनच रॉड बाजूला ओढा. एवढ्याने गळ बसतो. हिसका दिलात तर ६ पौंडांचा लीडर तुटेल किंवा गळ सरळ होईल. कमळातल्या लपवलेल्या गळाला थोडा जास्त जोर लागतो, कारण अणीला आधी रबरातून बाहेर यायचं असतं. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा ब्रेक, हाताने दोरी ओढल्यावर सुटेल इतपत सैल ठेवा. बास पाण्याबाहेर उडी मारायला निघाला, म्हणजे दोरी वर वर यायला लागली, की रॉडचं टोक पाण्यात खुपसा.

ढिल्या दोरीचा एक तोटा आहे आणि तो गंभीर आहे. वाट बघत राहिलं की मासा गांडूळ गिळतो आणि गळ घशात रुततो. वॅकीवर हे सगळ्यात जास्त होतं. म्हणून दोरी थांबली, सरकली, उडाली की लगेच गुंडाळा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा; दोरीवर ताण ठेवलात तर मासा सुटत नाही आणि गळ काढणं सोपं होतं. तरीही घशात गेलाच, तर बारीक टोकाची लांब पकड कल्ल्याच्या झाकणामागून आत घालून गळाची दांडी घशाकडे ढकला. अणी उलटी फिरते आणि गळ तोंडातून बाहेर काढता येतो. लाल कल्ल्यांना पकड लागू देऊ नका. हे जमणार नसेल तर दोरी गळाजवळ कापा आणि मासा सोडा.

धरताना आधी हात ओले करा. खालचा जबडा अंगठा आणि बोटात धरायचा. मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली हवाच. नुसत्या जबड्यावर आडवा उचललात तर जबड्यावर सगळं वजन येतं. फोटो काढायचा असेल तर फोन आधी तयार ठेवा, मग मासा पाण्याबाहेर काढा.

घरी आणून खायचा का, हा प्रश्न आपल्या लोकांकडून हमखास येतो. राज्य सरकार कुठल्या तळ्यातला कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा याचे इशारे प्रसिद्ध करतं. लार्जमाउथ जातीचा बास हा शिकारी मासा असल्यामुळे त्याच्या मांसात पारा साठतो, आणि गरोदर बायका व लहान मुलांसाठी हे इशारे अधिक कडक आहेत. मी बास खात नाही, सोडते. मासे खायचे तर बाजारातून पापलेट आणते.

नियम सोपे आहेत. वय १६ ते ६९ असेल तर गोड्या पाण्यात गरवायला परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो, जवळ बाळगा. १५ एप्रिल ते १५ जून या काळात बास लगेच सोडावा लागतो, कारण हा त्यांच्या विणीचा काळ. पाणी साधारण ६० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं, म्हणजे १५-१६ सेल्सियस, की नर उथळ पाण्यात शेपटीने घरटं साफ करतो आणि अंडी-पिल्लं राखत बसतो. काठावरून एक गोल, उजळ चकती आणि तिच्यावर घिरट्या घालणारा मासा दिसला तर त्याला तसाच राहू द्या. तुम्ही त्याला वर काढलात की लगेच बाजूचे छोटे ब्लूगिल मासे अंड्यांवर तुटून पडतात.

फाटलेली गांडुळं पाण्यात टाकू नका. मासे ती गिळतात, ती पोटात फुगतात आणि पचत नाहीत. मी कमरेला झिप लॉकची एक रिकामी पिशवी लावलेली असते, तुटलेला लीडर आणि फाटकी गांडुळं तिच्यात. काठावर दुसऱ्यांनी टाकलेलीही दिसली तर उचलते. परतल्यावर पिशवी कचऱ्यात, आणि गाडीत बसण्याआधी पायघोळ विजारीच्या घडीत, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड आहे का ते बघायचं. न्यू जर्सीच्या गवतात लाइम हा आजार पसरवणारी गोचीड असते आणि गडद रंगाची असल्यामुळे गडद कपड्यांवर ती सहज दिसत नाही, म्हणून फिकट रंगाची विजार घालून जा.